‘तसल्या’ कादंबऱ्यांची बाजू

वाचनसंस्कृतीची काळजी वाहणाऱ्या कुठल्याही चर्चेत एक वाक्य हमखास येतं: ‘‘मुलं वाचतात हो, पण काय वाचतात?’’ या ‘काय’चा रोख कुठं आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. प्रेमकथा, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या कौटुंबिक कादंबऱ्या, मोबाइलवर भागाभागानं येणाऱ्या कथामालिका, ज्यांतला नायक बहुधा उद्योगपती असतो आणि पंचविसाव्या भागापर्यंत हसत नाही. मग दुसऱ्या बाजूनं कुणीतरी उदार होऊन म्हणतं, ‘‘असू दे हो, काहीतरी वाचतायत ना? आज हे वाचतील, उद्या चांगलं वाचतील.’’ टाळ्या पडतात, चहा येतो, चर्चा संपते. मला यातल्या पहिल्या वक्त्यापेक्षा दुसऱ्याचाच राग जास्त येतो. पहिला निदान त्या पुस्तकांना वाईट म्हणण्याइतका तरी मान देतो. दुसऱ्याच्या लेखी ती पुस्तकं नाहीतच, खऱ्या पुस्तकांकडे जाणारी पायरी आहे. आणि पायरीवर कुणी वस्तीला राहत नाही, असं तो गृहीत धरतो. चाळीस वर्षं आवडीनं प्रेमकादंबऱ्याच वाचणाऱ्या, त्यांतली चांगली कुठली नि भंपक कुठली हे अचूक सांगणाऱ्या वाचकाचं काय करायचं, हा प्रश्न त्याला पडत नाही.

माझं म्हणणं असं की प्रेमकादंबरी हा कादंबरीचा पूर्ण वाढलेला प्रकार आहे. त्यात उत्तम आहे, बेताचं आहे आणि रद्दीत घालावं असंही पुष्कळ आहे. हे निवडून वेगळं करण्याची तसदी मराठी समीक्षेनं घेतली नाही, आणि या आळसाला आपण अभिरुची म्हणत आलो. सरसकट नाकारण्यानं फायदा झाला तो वाईट पुस्तकांचाच. ढीगच्या ढीग नाकारला की त्यातल्या वाईटाला कुणी वेगळं वाईट म्हणत नाही, आणि चांगल्याला तर कुणीच काही म्हणत नाही.

1962 हे एकच साल घेऊ. त्या वर्षी रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली, पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ आली, आणि ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ आली. तिन्हींच्या गाभ्याशी स्त्री-पुरुषांचं प्रेम. ‘स्वामी’ला 1964 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘सावित्री’ चोखंदळांच्या कपाटात गेली ती आजही तिथून खाली उतरलेली नाही. ‘श्यामा’ कोर्टात गेली. आता या तिन्ही सारख्याच तोलाच्या होत्या असं कुणी म्हटलं तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही; ‘सावित्री’तल्या पत्रांची घडण आणि ‘श्यामा’ची घडण यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण तिघींची वाट कुठं फुटली ते बघण्यासारखं आहे. ‘स्वामी’ला इतिहासाचा आधार होता, ‘सावित्री’ला चिंतनाचा. ‘श्यामा’पाशी तीन स्त्रिया आणि एक कवी याखेरीज काही नव्हतं.

मराठीत प्रेमाला परवाना लागतो तो असा. माधवरावांचा कारभार, निजामाशी नि हैदरशी झालेल्या लढाया, राघोबादादांचं राजकारण हे सगळं ‘स्वामी’त आहेच. पण ज्यांनी ती कोवळ्या वयात वाचली त्यांना विचारून बघा काय आठवतं. रमा आठवते, थेऊर आठवतं. बाजीरावांवरच्या ‘राऊ’ कादंबरीबद्दल विचारा, पालखेडची लढाई सांगणारा एखादा भेटेल, मस्तानी सांगणारे शंभर. पेशवाई पगडी घातलेली प्रेमकथा आपण बैठकीच्या खोलीत मांडतो आणि बिनपगडीची उशाखाली ठेवतो. खांडेकरांचा परवाना वेगळा: त्यांच्या नायक-नायिकांना प्रेम करायचं तर आधी शाळा काढावी लागते, चळवळीत पडावं लागतं, निदान ध्येयवादावर बोलावं लागतं. ‘ययाति’ला पुराणाचा आधार मिळाला, वासनेची मीमांसा मिळाली, आणि 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. ते योग्यच झालं. का. श्री. श्रीं.च्या अनुवादांमुळे तमिळ वाचकांनी खांडेकरांना जवळजवळ आपलाच लेखक मानलं. त्या वाचकांनी खांडेकरांचा ‘कला जीवनासाठी’ हा जीवनवाद वाचला की देवयानी-शर्मिष्ठेतली धग वाचली, हे तेच जाणोत. मला दोन्हींत विरोध दिसत नाही. मुद्दा एवढाच की शर्मिष्ठेचं प्रेम तत्त्वज्ञानाच्या ओळखपत्राशिवाय आलं असतं तर ते दारातच अडवलं गेलं असतं.

गंमत अशी की ज्या भाषेत हे चालतं तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ऑक्टोबर 2024 मध्ये, आणि तिच्या प्राचीनतेचा मोठा पुरावा म्हणून आपण मिरवतो ती ‘गाथासप्तशती’. हाल सातवाहनाच्या नावावरच्या या सातशे प्राकृत गाथांत राज्यकारभार नाही, युद्धं जवळजवळ नाहीत. गोदावरीकाठची गावं आहेत, शेतं आहेत, प्रवासाला गेलेला नवरा आहे, वाट बघणारी बायको आहे, चोरून भेटणारी माणसं आहेत. सुरुवातीच्याच एका गाथेचा आशय असा: प्राकृत काव्याचं अमृत ज्यांना वाचता-ऐकता येत नाही, त्यांना प्रेमाच्या गोष्टी करताना लाज कशी वाटत नाही? दोन हजार वर्षांपूर्वी लाज वाटायची ती प्रेमाचं काव्य न कळण्याची. आपण ती उलटी फिरवली. जल्लोषाच्या सभांमध्ये गाथांचं नाव घेणारे वक्ते त्यातल्या दोन गाथा मोठ्यानं वाचून दाखवतील का?

आता कुणी म्हणेल, आक्षेप प्रेमाला नाही, भावविवशतेला आहे. ही पुस्तकं वाचकाला ठरवून रडवतात. ठीक. मग ‘श्यामची आई’चं काय करायचं? 1935 पासून हे पुस्तक मराठी माणसाला रडवत आलेलं आहे, ठरवून रडवत आलेलं आहे, आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. मला ते पुस्तक प्रिय आहे, त्यावर ओरखडाही काढायचा नाही. पण त्याची शिस्त बघा: प्रत्येक रात्रीची एक गोष्ट, प्रत्येक गोष्टीला एक ताण, शेवटी डोळे भरतील अशी सोय. भावना चाळवण्याचं तंत्र हाच दोष असेल तर तो दोष इथंही आहे. आईसाठी आलेलं पाणी पवित्र आणि प्रियकरासाठी आलेलं चिकट, असा भेद आपण करतो. तो साहित्याचा निकष कसा होईल? तो घरातल्या वडीलधाऱ्यांचा निकष आहे, समीक्षेनं फक्त त्याला पारिभाषिक शब्द पुरवले.

बाबूराव अर्नाळकरांकडेही याच नजरेनं बघा. हजारावर रहस्यकथा, झुंजार, काळापहाड. आज साठी-सत्तरीतले किती तरी लेखक, प्राध्यापक, संपादक मोठ्या प्रेमानं लिहितात की आमच्या वाचनाची सुरुवात अर्नाळकरांपासून झाली, अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायचो. त्या आठवणीत लाज नसते, मिश्कीलपणा असतो. त्याच काळात त्यांच्या बहिणी, आया, मावश्या शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर, स्नेहलता दसनूरकर, सुमती क्षेत्रमाडे वाचत होत्या. वाचनालयात या नावांसाठी नंबर लागत. त्यांच्याविषयी असा लाडाचा लेख तुम्ही शेवटचा कधी वाचलात? मुलांचं हलकंफुलकं वाचन ही बालपणीची मौज, आणि बायकांचं हलकंफुलकं वाचन म्हणजे वेळेचा अपव्यय. दोन्हींतलं गद्य शेजारी ठेवून तपासलं तर अर्नाळकर नेहमीच वरचढ ठरतील याची मला मुळीच खात्री नाही.

आक्षेपांतला सगळ्यांत रूढ म्हणजे साचा. दोघं भेटणार, गैरसमज होणार, ताटातूट होणार, शेवटी एकत्र येणार. पहिल्या पानावर शेवट माहीत असेल तर वाचायचं कशाला? यात तथ्य आहे, आणि साच्यातून पुस्तकं पाडणारे लेखक-प्रकाशक होते नि आहेत. पण साचा असणं हा गुन्हा असेल तर तमाशातून उठून जावं लागेल. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम बघणाऱ्याला पाठ असतो. कृष्ण मावशीला अडवणार हे माहीत असतं, आणि तो आज कसा अडवतो हे बघायलाच माणूस बसलेला असतो. प्रेमकादंबरीत सगळी कसोटी अडथळ्याची आहे. दोघांच्या मध्ये नेमकं काय उभं आहे? एक फोन केला असता तर मिटला असता असा गैरसमज दोनशे पानं ताणला असेल तर लेखक आळशी आहे. अडथळा त्या माणसांच्या स्वभावातून आला असेल, घरातून, पैशातून, काळातून आला असेल, तर शेवट माहीत असूनही पान उलटताना धाकधूक होते. नियमित वाचणाऱ्यांना हे नेमकं कळतं. वाचनालयाच्या जुन्या कादंबऱ्यांत शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेले शेरे ज्यांनी पाहिलेत त्यांना ठाऊक आहे: ‘शेवट गुंडाळला आहे’, ‘नायिकेला एवढं सहन करायला लावायची गरज नव्हती’, ‘दुसरा भाग बोअर’. पुस्तक खराब केल्याबद्दल या मंडळींना दंड व्हायला हवा, मान्य. पण मराठी प्रेमकादंबरीची एवढीच काय ती समीक्षा झाली.

अडथळ्याचा हा प्रश्न मराठी कादंबरीच्या जन्मापासूनचा आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची, विधवांच्या दुःखाची. चारच वर्षांनी हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली आणि अद्भुतरम्यतेची दुसरी वाट फुटली. 1868 च्या ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड तक्रार करतात की आपल्या लोकांची लग्नाची रीत आणि एकूण आयुष्य असं की त्यात गोष्ट लिहिण्याजोगं चित्तवेधक काही घडतच नाही; रोजचं लिहिलं तर कोण वाचणार? या तक्रारीला हसू नये. ज्या समाजात आठव्या वर्षी लग्न ठरतं, तिथं प्रेमकथेचा नायक नायिकेला भेटणार कुठं? म्हणून राजकन्या, राक्षस आणि विमानं. ना. सी. फडक्यांच्या काळापर्यंत मुली कॉलेजात आल्या होत्या, आणि कोल्हापुरात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या प्राध्यापकाला टेनिस कोर्ट, स्नेहसंमेलन, रेल्वे स्टेशन, मोटार अशा जागा मिळाल्या. (याच फडक्यांनी 1927 मध्ये लैंगिक प्रश्नांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, संततिनियमनाचा पुरस्कार केला, हे त्यांना ‘गुलाबी’ म्हणणारे विसरतात.) पुढं बँका आणि सरकारी कचेऱ्या आल्या, नोकरी करणाऱ्या मुली आल्या, लोकल आली, वसतिगृहं आली. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’त पुण्याच्या कॉलेजचा कट्टा आला. आजच्या कथामालिकांत आयटी कंपनी आणि चुकून पाठवला गेलेला मेसेज. या सगळ्या कादंबऱ्या ओळीनं लावल्या तर महाराष्ट्रात तरुण बाई आणि तरुण पुरुष कुणाच्या देखरेखीशिवाय कुठं भेटू शकत होते, याचा दीडशे वर्षांचा नकाशाच तयार होतो. समाजशास्त्रज्ञाला हा नकाशा दुसरीकडे कुठं मिळेल? आणि तरी ही पुस्तकं ‘जीवनाशी संबंध नसलेली’.

सगळ्यांत जड आक्षेप अजून बाकी आहे, आणि तो अभिरुचीवाल्यांकडून क्वचितच येतो. तो जातीचा आहे. मराठी प्रेमकादंबरीच्या मुख्य प्रवाहात दोघांची आडनावं नेहमी सोयीची असतात. घरच्यांचा विरोध पैशावरून असतो, पत्रिकेवरून असतो, नायिकेच्या नोकरीवरून असतो; जातीवरून फारच विरळा. डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडे बोट दाखवलं, आणि जातीबाहेर प्रेम केलं म्हणून या राज्यात आजही खून पडतात. अशा समाजात प्रेमाची गोष्ट सांगायची आणि नेमकी ती एक गोष्ट गाळायची, हा साधासुधा दोष नाही. सदाशिव पेठेच्या आणि दादर-पार्ल्याच्या अंगणात फुगडी घालत राहिलेला हा प्रकार आहे, असं कुणी म्हटलं तर मी त्याला अडवणार नाही.

पण हा आक्षेप नेमका काय सांगतो ते बघा. प्रेमकादंबरी क्षुल्लक आहे म्हणून तिनं जात टाळली तरी बिघडत नाही, असं तो सांगत नाही. ती महत्त्वाची आहे, लाखो तरुण मनांत प्रेमाचं चित्र तीच काढते, म्हणूनच तिचं टाळणं गंभीर आहे, असं तो सांगतो. हा आक्षेप करायला आधी ती पुस्तकं वाचावी लागतात. आणि तो केला की लगेच दिसतं की मुख्य प्रवाहाच्या शेजारीच दुसरं कुणी लिहीत होतं. अण्णा भाऊ साठे. ‘वैजयंता’त तमाशातली कलावंतीण, ‘आवडी’त जातीबाहेरचं प्रेम आणि त्याची रक्तानं फेडलेली किंमत. अण्णा भाऊंच्या कितीतरी कादंबऱ्या आवेगानं धावणाऱ्या प्रेमकथाच आहेत, कामगार वस्त्यांत वाचल्या गेलेल्या. समीक्षेनं त्यांना आधी दुर्लक्षिलं आणि नंतर ‘फकिरा’च्या बंडखोरीचा परवाना देऊन आत घेतलं. त्यांची प्रेमकथा मात्र आजही कुणी प्रेमकथा म्हणून वाचत नाही. ‘सैराट’नं 2016 मध्ये काय केलं? पहिला अर्धा भाग निखळ, नाचरी, साच्यातली प्रेमकथा. विहीर, ट्रॅक्टर, बुलेट, चिठ्ठ्या. त्या साच्यावर प्रेक्षकानं मनापासून विश्वास ठेवला म्हणून शेवट त्याच्या छातीत बसला. पहिला भाग हलका म्हणून काढून टाका, उरेल ती बातमी. तशी बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो.

स्त्रीच्या इच्छेचंही असंच झालं. 1933-34 मध्ये विभावरी शिरूरकर या नावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि ‘हिंदोळ्यावर’ आलं तेव्हा केवढा गदारोळ उठला! मालतीबाई बेडेकरांना टोपणनावाआड राहावं लागलं ते उगाच नाही. नवऱ्यानं टाकलेल्या बाईलाही प्रेम हवं असतं, एवढंच तर म्हणायचं होतं. फडक्यांच्या नायिकांच्या रूपवर्णनांनी जो समाज हललाही नाही, तो बाईनं स्वतःच्या तोंडून सांगितलेल्या इच्छेनं पेटला. आज आपण त्या पुस्तकांना स्त्रीवादाच्या इतिहासात मानानं बसवतो, आणि ती आधी हपापल्यासारखी वाचली गेली होती हे नमूद करायचं टाळतो.

हिंसेचा मुद्दाही टाळून चालणार नाही. नायिकेचा हात पिरगाळणारा, पाठलाग करणारा, ‘नाही’ ऐकून न घेणारा नायक आणि शेवटी त्याच्यावरच भाळणारी ती: हे जुन्या कादंबऱ्यांत आहे आणि आजच्या कथामालिकांत दुपटीनं आहे. याचं समर्थन होऊ शकत नाही. अमेरिकी अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींशी बोलून 1984 मध्ये एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्या बायकांनी त्यांना सांगितलं की हातात पुस्तक असतं तेवढा वेळ आम्ही कुणाच्या आई-बायको नसतो. रॅडवे यांनी ते मान्य केलं आणि पुढं हेही म्हटलं की पुस्तक मिटलं की घरातली व्यवस्था जशीच्या तशी उभी असते. कादंबरी तिला धक्का लावत नाही, उलट सुसह्य करते. बरोबर आहे. दुपारी दोन ते चार वाचलेली कादंबरी चारचा चहा टाकायला येत नाही. पण हा नियम इतरांना का लावत नाही? कोसला वाचून कितीजणांनी गावाकडची शेती सुधारली? शास्त्रीय संगीत ऐकून उठलेला माणूस बायकोला भांडी घासू लागतो का? प्रेमकादंबरीनंच क्रांती करून दाखवली पाहिजे ही अट विचित्र आहे. आणि दांडगट नायकाचं म्हणाल तर त्याच्याविरुद्ध आवाज उठतो तो वाचकांमधूनच. ‘हा नायक नाही, हा गुंड आहे’ असं चिडून लिहिणाऱ्या मुली त्याच कथांखाली भेटतात. त्यांना हाताशी धरणारा, ‘तुझं बरोबर आहे, आणि याच प्रकारात असा नायक नसलेली ही चार पुस्तकं’ असं सांगणारा जाणता आवाज मात्र नाही. जाणत्यांनी तो प्रांत वर्ज्य मानला आहे.

‘श्यामा’च्या खटल्याकडे मी मुद्दाम परत येतो, कारण जे समीक्षेनं करायचं ते तिथं न्यायाधीशांनी केलं. पुण्यातल्या एका गृहस्थांच्या तक्रारीवरून अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयानं सोडलं, उच्च न्यायालयानं लेखकाला दोषी धरून 25 रुपये दंड केला, आणि ऑगस्ट 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. तो निकाल वाचनीय आहे. न्यायालयानं आधी संपूर्ण कथा विचारात घेतली, खुणा केलेले उतारे सुटे धरून निवाडा केला नाही. मग म्हटलं की कृती उच्च साहित्यिक दर्जाची नसेल, लेखकाची अपरिपक्वता तीत दिसत असेल, पण त्यामुळे वाचणारा, अगदी किशोरवयीनसुद्धा, भ्रष्ट होईल असं तीत काही नाही. नुसत्या कामविषयक उल्लेखानं पुस्तक अश्लील ठरू लागलं तर निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकता येणार नाही, असंही बजावलं. बघा, किती स्वच्छ भेद आहे. कच्चं लिहिणं वेगळं, घातक लिहिणं वेगळं, आणि कच्चं म्हणायचं तर आधी पूर्ण वाचायचं. आपल्या वाङ्मयीन मासिकांनी काकोडकरांना इतपतही न्याय दिला नाही. (त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वर बेतलेला ‘दो रास्ते’ देशभर गर्दी खेचत होता. थोरल्या भावाच्या त्यागाची कथा असल्यामुळे तो सहकुटुंब बघायला कुणाची हरकत नव्हती.)

वेळेचा आक्षेप मी फार मोजत नाही. आयुष्य थोडं, पुस्तकं फार, मग हे कशाला? हा प्रश्न विचारणारे स्वतः तो वेळ कुठं घालवतात ते आपण सगळे जाणतो.

मला सर्वांत पटणारं उदाहरण मात्र फडक्यांचंच आहे, त्यांच्या कादंबऱ्यांपेक्षा ‘प्रतिभासाधना’चं. 1931 च्या त्या पुस्तकात कथानक कसं गुंफावं, गुंतागुंत कशी वाढवावी, उकल कुठं करावी याची चर्चा आहे. ती यांत्रिक आहे असं पुढच्या पिढीनं ठरवलं, नवकथेच्या काळात ‘तंत्र’ हा शब्दच शिवी झाला, आणि त्यात काही अंशी तथ्यही होतं. पण लोकप्रिय कादंबरी चालते कशी, या विषयावर मराठीत गंभीरपणे बोलणं जवळजवळ तिथंच थांबलं. नंतर भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची विभागणी केली ती महत्त्वाची होती, पण ‘मुक्तामाला’च्या वंशाकडे बघताना त्यांचीही भुवई वरच राहिली. वंशावळ मांडली गेली, घरात मात्र कुणी शिरलं नाही. ‘अमृतवेल’ पिढ्यान्‌पिढ्या का टिकली आणि तशाच हेतूनं लिहिलेल्या इतर शंभर का मेल्या? शैलजा राजे आणि योगिनी जोगळेकर यांच्या नायिकांत फरक काय? गौरी देशपांड्यांनी ‘तेरुओ’मध्ये नेमकी कुठली जुनी गाठ सोडवली, म्हणजे ती सोडवताना कुठल्या लोकप्रिय कादंबऱ्या त्यांच्या मनात असतील? मेघना पेठ्यांच्या ‘नातिचरामि’तलं प्रेम अशा वाचकाला का खुपलं किंवा का भावलं? हे प्रश्न विचारण्याजोगे आहेत. त्यांची उत्तरं नावडती निघाली तरी चालतील. माझ्या मते फडक्यांच्या उत्तरार्धातल्या बऱ्याचशा कादंबऱ्या आज वाचवत नाहीत, आणि खांडेकरांचं सुभाषित अनेकदा ऐन रंगात आलेल्या प्रसंगाचा गळा दाबतं. हे वाचून कुणी भांडायला यावं, पानांचे आकडे देऊन मला खोटं पाडावं.

तेही लवकरच अवघड होणार आहे. सार्वजनिक वाचनालयांत दर काही वर्षांनी जीर्ण पुस्तकं बाद होतात. जागा नसते, नवीन घ्यायची असतात, त्यात वावगं नाही. पण जीर्ण कोण होतं? जे हजार हातांतून गेलं ते. साठ-सत्तरच्या दशकांतल्या या लेखिकांच्या कादंबऱ्या सगळ्यांत जास्त वाचल्या गेल्या म्हणून सगळ्यांत आधी फाटल्या, आणि प्रतिष्ठा नाही म्हणून पुन्हा बांधल्या गेल्या नाहीत. कोऱ्या करकरीत राहिलेल्या ग्रंथावल्या कपाटात सुखरूप आहेत. पुनर्मुद्रण होत नाही, विद्यापीठांना त्यांची गरज वाटत नाही, दुर्मीळ ग्रंथांच्या विभागात त्यांना जागा मिळत नाही, कारण कालपर्यंत त्या कुठंही मिळायच्या. जिल्ह्याच्या ‘अ’ वर्ग वाचनालयांनी ठरवलं तर प्रत्येक शीर्षकाची एक प्रत, हवी तर पेन्सिलीच्या शेऱ्यांसकट, बाद होण्याआधी स्कॅन करून ठेवता येईल. खर्च फार नाही. यादी करायला वाचनालयातल्याच जुन्या सभासद बायकांना बोलवावं. कुठली ठेवायची आणि कुठली सोडायची हे त्या दुपारभरात सांगतील.